तिसऱ्या सिलेंडरचं दुखणं

इंजिन आज दुपारी उतरणार होतं. कप्पीवाले जेवण करून येतो म्हणाले होते, आणि कप्पीवाल्यांच्या जेवणाचा काही भरवसा नसतो. म्हणजे माझ्या हातात सकाळ होती आणि वर त्यांना भूक उशिरा लागली तर तेवढा वेळ.

गाडी आमच्या सासूबाईंची. क्रीम रंगाची, चार सिलेंडरची, माझ्या नवऱ्यापेक्षा वयाने मोठी आणि त्याच्यापेक्षा कितीतरी कमी बोलणारी. गॅरेजही सासूबाईंचंच. त्यांनी ते वडिलांकडून घेतलं आणि वाढवलं. गल्लीत त्यांना सगळे मेस्त्रीणबाई म्हणतात. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला पाना कुठल्या टोकाला धरतात हेही माहीत नव्हतं. स्वयंपाकघराचं मागचं दार थेट गॅरेजमध्ये उघडतं; एकदा चहा द्यायला म्हणून त्या दारातून बाहेर गेले ती आजतागायत आत परतलेच नाही म्हणा ना. नवऱ्याला ग्रीसचा वास सोसत नाही. त्याचं कोपऱ्यावर स्पेअर पार्टचं दुकान आहे. तिथे सगळं कसं नवं, खोक्यातलं, कोरं.

तर ही गाडी काही दिवसांपासून लंगडायला लागली होती. सकाळी गार असताना शहाण्या मुलीसारखी सुरू व्हायची, चौकापर्यंत नीट जायची. गरम झाली की अंग टाकायची. उभी असली तर थडथडायची, चढाला लागली तर श्वास सोडायची. चार जणांनी खाट उचलावी आणि त्यातल्या एकाने हात नुसताच लावून ठेवावा, तसं चाललं होतं. मेस्त्री लोक याला मिसिंग म्हणतात.

सासूबाईंनी काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. प्लग बदलले. वायरी बदलल्या. कॉइल बदलली. कार्बोरेटर खोलून, धुऊन, फुंकून परत बसवला. चोर सोडून एकेका संन्याशाला फाशी देऊन झाली. शेवटी परवा जेवताना त्यांनी ताट बाजूला सारलं आणि मुलाला म्हणाल्या, "इंजिन थकलं. मी पण थकले. दोघांना एकदमच निवृत्त करून टाका."

नवरा माझा अशा वेळी आज्ञाधारक. दुसऱ्याच दिवशी त्याने भंगारात निघालेल्या एका गाडीचं चांगलं इंजिन शोधलं, कप्पीवाल्यांना सांगितलं. आणि सासूबाईंनी काय करावं? आपले सगळे पाने तेलाच्या फडक्याने पुसले, एका चादरीत गुंडाळले आणि ते गाठोडं माझ्या मांडीवर आणून ठेवलं. "घे. आता हे तुझं."

दुसरी एखादी सून असती तर रडली असती. मला राग आला. मला राग पटकन येतो, त्याबद्दल माहेरी आणि सासरी दोन्हीकडे एकमत आहे. एका मिसिंगपायी ही बाई आयुष्यभराचं काम सोडते म्हणजे काय? त्या बोलल्या की बोलल्या. इंजिन खाली उतरलं की त्या गॅरेजमध्ये पुन्हा पाऊल टाकणार नव्हत्या. आणि त्यांच्याशिवाय हे गॅरेज मला नको होतं. माझे हात तयार होते, पण जिच्या शेजारी उभं राहून काम करायचं तीच नसेल तर त्या हातांचं मी काय लोणचं घालू?

म्हणून सकाळी सासूबाई आत कपाट आवरायला बसल्या तशी मी गॅरेजचं मधलं दार ओढून घेतलं आणि बोनेट उघडलं.

पहिल्यांदा गाडी चांगली गरम होऊ दिली. थडथड सुरू झाली. हातात रबरी मोजे घातले आणि चालत्या इंजिनावर एकेका प्लगची वायर काढून बघायला लागले. ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सरळ परीक्षा. जो सिलेंडर काम करतोय त्याची वायर काढली की इंजिन लगेच खचतं. जो नुसताच बसून खातोय त्याची काढली तर कुणाला पत्ताही लागत नाही. पहिली काढली, इंजिन खचलं. दुसरी, खचलं. तिसरी काढली. काही नाही. तीच थडथड, तोच सूर. चौथी काढली तर बंदच पडायला आलं.

तिसरा. हे सासूबाईंनाही माहीत होतं. त्यांनी तिसऱ्याचा प्लग पहिल्याला घालून पाहिला होता. दुखणं प्लगबरोबर गेलं नाही, तिसऱ्यापाशीच राहिलं. मग त्यांनी कॉम्प्रेशन मोजलं होतं, म्हणजे प्लगच्या भोकाला काट्याचं गेज लावून, सिलेंडर हवा किती दाबून धरतो ते. तिसरा भावंडांपेक्षा थोडासाच कमी भरला. जुन्या इंजिनात तेवढं चालायचंच. "म्हातारपण," सासूबाई म्हणाल्या, आणि गेज डबीत गेलं.

मी स्टुलावर बसून त्या गेजच्या डबीकडे पाहत राहिले. तिसरा गार असताना चालतो. गरम झाला की बसतो. आणि कॉम्प्रेशन आम्ही कधी घेतो?

आमच्या गॅरेजचा एक दंडक आहे. कॉम्प्रेशन सकाळी घ्यायचं, इंजिन रात्रभर गार झालेलं असताना, गाडी पहिल्यांदा सुरू करायच्या आधी. बाहेरचे मेस्त्री गरम इंजिनावर घेतात. सासूबाईंच्या वडिलांचं म्हणणं, गरम म्हणजे किती गरम? आज जरा जास्त, उद्या जरा कमी. गार मात्र रोज सारखंच गार. माणसाने वजन उठल्या उठल्या करावं तसं. आणि यात काही खोटं नव्हतं. या दंडकाने आम्ही कितीतरी इंजिनं नीट केली होती. त्यामुळे तो कुणी तपासून पाहिलाच नव्हता. चोर दुपारी येऊन जातोय आणि आम्ही पहाटे पहारा देतोय.

मी उठलेच. इंजिन चटके देत होतं. प्लग काढताना करंगळी भाजली, तोंडातून जो शब्द निघाला तो सासूबाईंनी ऐकला नसेल अशी आशा करते. पहिल्या भोकाला गेज लावलं, एका हाताने सेल मारून इंजिन घुमवलं. काटा टुणटुण उड्या मारत वर गेला आणि छान उंचावर थांबला. दुसरा, तसाच. चौथा, तसाच. मग तिसरा. काटा उठला, निम्म्यावर आला आणि तिथेच थांबला.

मी पुन्हा मारला. निम्म्यावर. पुन्हा मारला. निम्म्यावर.

एवढी वाईट बातमी पाहून इतका आनंद मला आजवर झाला नव्हता. म्हातारपण असं सकाळी बरं आणि दुपारी निम्मं नसतं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते आता सापडणार होतं.

नेमका तेव्हा नवरा आला, हातात मोजपट्टी. नवं इंजिन बसवायच्या जागा मोजायला. त्याने उघडं बोनेट पाहिलं, काढलेले प्लग पाहिले, माझं तोंड पाहिलं.

"काय चाललंय?"

"तुझी मोजपट्टी खिशात ठेव आणि ती तेलाची पिचकारी दे."

"अगं, पण ते लोक निघालेत. मघाशीच फोन आला."

"जेवले का?"

"जेवूनच निघालेत."

आजच बरी भूक लागली मेल्यांना लवकर. मी तिसऱ्या सिलेंडरमध्ये चमचाभर तेल सोडलं. यातली युक्ती अशी, की पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेल त्यांच्या फटी भरतं आणि काटा वर चढतो. तसं झालं तर इंजिन खरंच थकलेलं, मग कप्पीवाल्यांना मीच चहा करणार होते. सेल मारला. काटा निम्म्यावर. तेल घालूनही तसूभर हलला नाही.

"रिंगा निर्दोष," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता, तो मला खाली आणता येत नव्हता. "हवा वरून जातेय. व्हॉल्व्हमधून. आता फक्त कुठल्या ते बघायचं. तू मागे जा आणि सायलेन्सरला कान लाव."

"मी?"

"मग कोणाला सांगू, मोजपट्टीला?"

त्याने शर्ट पाठीमागे सारला, रुमाल अंथरला आणि रुमालावर गुडघा टेकला. एवढी तयारी करून लोक देवापुढे बसतात. मी इंजिन हाताने फिरवून पिस्टन अगदी वर आणला, जिथे सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह, म्हणजे झडपा, हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी, बंदच असायला हव्यात. गाडी गिअरमध्ये टाकली, ब्रेक ओढला, प्लगच्या भोकात हवेची नळी घट्ट बसवली आणि कॉम्प्रेसरची चावी सोडली.

"काही येतंय का?"

"थांब." मग माझा नवरा, ज्याला ग्रीसचा वास सोसत नाही, तो सायलेन्सरच्या तोंडाशी गाल घासून म्हणाला, "येतंय. फुस्स. अगं चांगलं फुस्स येतंय, गालाला वारा लागतोय." तो उठला तेव्हा त्याच्या गालावर काजळीचा गोल होता आणि डोळे लहान मुलासारखे चमकत होते. मला तो फार आवडला त्या क्षणी. पण लगेच त्याच्यातला दुकानदार जागा झाला. "म्हणजे धुराचा व्हॉल्व्ह जळला. हेड खोलायला लागणार. त्यापेक्षा तयार इंजिन..."

"जळलेला असता तर गार असतानाही गळला असता," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण खात्री नव्हती. कारण दोन गोष्टी एकदम असू शकतात. व्हॉल्व्ह आधी नीट मिटत नसेल, आणि तसाच चालवून चालवून आता कडेला जळायला लागला असेल. तसं असलं तर माझी सगळी हुशारी वाया.

टॅपेटचं झाकण काढलं. आत रॉकर ओळीने बसलेले असतात, लोखंडी तराजूच्या दांड्यांसारखे. एक टोक वर ढकललं गेलं की दुसरं टोक व्हॉल्व्हला खाली दाबतं आणि उघडतं. दाबायचं नसतं तेव्हा रॉकर आणि व्हॉल्व्ह यांच्यात कागदाएवढी फट हवी. ती फट म्हणजे चैन नव्हे, गरज. तापलं की व्हॉल्व्हचा दांडा लांबतो. त्याला लांबायला जागा हवी. जागा नसेल तर तो रॉकरला अडतो आणि व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. ती फट मोजायला पोलादी पट्ट्यांचा जुडगा असतो, पातळ ते जाड. फट नटाने कमीजास्त करतात, आणि या सगळ्यालाच मेस्त्री लोक टॅपेट म्हणतात.

तिसऱ्याच्या रॉकरला बोट लावलं. तो जरासा डुगडुगायला हवा होता. हलला नाही. योग्य पट्टी सरकवून पाहिली, शिरली नाही. तिच्याहून पातळ, नाही. जुडग्यातली सगळ्यात पातळ पट्टी, वाऱ्याने थरथरणारी, तीही शिरली नाही.

"सापडला," मी म्हणाले. नवऱ्याने माझा हात धरला तर त्यालाही ग्रीस लागलं, आणि त्याने तो पुसलाही नाही.

आता इंजिन गरम होतं तोवरच काम उरकायला हवं होतं. मी गाठोडं सोडलं, त्यातला सासूबाईंचा छोटा पाना घेतला आणि नटाला लावला. तेव्हा दिसलं. बाकी सगळे नट काळे, तेलकट, मुरलेले. या एका नटाची कड उजळली होती. पाना लागलेला होता, आणि फार पूर्वी नाही.

टॅपेट आपोआप सैल होतं. आपोआप इतकं घट्ट सहसा होत नाही. कुणीतरी ते घट्ट केलं होतं. आणि या गाडीला या घरात एकच हात लागतो. मलाही परवानगी काढावी लागते.

माझा पाना तिथेच थबकला. सासूबाईंचं टॅपेट हे आमच्या गॅरेजचं भूषण. आधी पट्टी लावायची, मग कान लावायचा, ही त्यांची रीत. पट्टीने बसवून झालं की इंजिन सुरू करायचं, डोळे मिटून ऐकायचं आणि जे टॅपेट कटकट करेल त्याला केसभर आवळायचं. "वाजणारं टॅपेट म्हणजे मेस्त्रीची फजिती," असं त्या म्हणतात. मध्ये काही वर्षं ऐकू कमी येत होतं, तेव्हा त्या खट्टू झाल्या होत्या. हिवाळ्यात नवऱ्याने हट्टाने कानाचं यंत्र करून आणलं. ते लागल्यापासून त्यांना शेजारच्या घरातली भांडणं शब्दनशब्द ऐकू येतात आणि आमचा करमणुकीचा खर्च वाचला आहे. तर अशी ही बाई. तिच्या हातून असं व्हावं?

"अगं, काय झालं? ते येतील आता," नवरा म्हणाला.

मी विचार बाजूला ठेवला. नट सैल केला, रॉकरखाली योग्य पट्टी घातली, ती जराशी अडखळत सरकेल इतकी फट ठेवली, नट पक्का केला. गेज लावलं. "मार सेल," म्हणाले.

काटा उठला. निम्म्यावर आला. काटा निम्म्यावरून पुढे गेला, आणखी पुढे गेला, आणि भावंडांच्या बरोबरीला नाही पण खांद्याला येऊन उभा राहिला. मी पुन्हा मारायला लावला. तिथेच. व्हॉल्व्ह जळलेला नव्हता. मी त्या गेजचा मुका घेतला. तेल ओठाला लागलं.

टॅपेटचं झाकण लावलं, प्लग बसवले, वायरी बसवल्या, किल्ली फिरवली. गाडी उठली ती चारही पायांवर. थडथड नाही. मडगार्डवर ठेवलेला माझा चहाचा कप सुद्धा निवांत उभा. वरून टॅपेटची बारीक टिकटिक येत होती, तापल्यावरही जागा शिल्लक असल्याची. मला ती गाण्यासारखी वाटली. नवऱ्याने रेस दिली, सोडली, पुन्हा दिली. तो मोठ्याने हसत होता.

तेवढ्यात मधलं दार धाडकन उघडलं.

"बंद करा ते," सासूबाई म्हणाल्या. एका हाताने त्यांनी कान दाबून धरला होता. "कोण एवढं खडखडवतंय? हातोडी मारताय का काय इंजिनावर?"

मी इंजिनाकडे पाहिलं. टिकटिक, टिकटिक. भिंतीवरचं घड्याळ याहून मोठ्याने वाजतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. आणि मग माझ्या डोक्यात एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली.

"आई," मी म्हणाले, "कानातलं यंत्र जरा मला देता?"

"कशाला?"

"द्या तर."

त्यांनी ते काढलं, पुसलं आणि दिलं. मी कानात घातलं आणि हबकले. ती टिकटिक नव्हतीच. पातेल्यावर उलथणं आपटावं तसा खणखणाट होता. माझ्याच कपड्यांची सळसळ, पंख्याची करकर, नवऱ्याचा श्वास, सगळं टोकदार, सगळं कानाला टोचणारं. पण सगळ्यात वर तो खणखणाट. ही बाई हिवाळ्यापासून या आवाजात उभी होती, आणि तिला वाटत होतं आपले कान परत आलेत.

मी इंजिन बंद केलं. यंत्र त्यांना परत दिलं, त्यांनी ते बसवेपर्यंत थांबले. सांगावं की सांगू नये, हा प्रश्न मला पडला नाही असं नाही. सांगितलं तर त्या म्हणणार, बघा, मी इंजिनं बिघडवायला लागले, आता तर नक्कीच सोडते. लपवलं तर चालत्या इंजिनाचं श्रेय घेऊन मी उजळ माथ्याने फिरणार आणि त्या आत कपाट आवरत बसणार. मला दुसरं जमलं नसतं. मला गोड बोलता येत नाही, खोटं तर त्याहून येत नाही.

"आई, तिसऱ्याचं धुराचं टॅपेट तुम्ही आवळलं होतं?"

"वाजत होतं," त्या लगेच म्हणाल्या. "फार वाजत होतं. वर्षानुवर्षं कधी वाजलं नाही, आणि एकदम केवढा आवाज. मी आवळलं तेव्हा कुठे गप्प झालं."

"ते वर्षानुवर्षं वाजतच होतं. तुम्हाला ऐकू येत नव्हतं. आणि यंत्र आल्यावर ऐकू आलं ते पाचपट मोठं." मी पट्ट्यांचा जुडगा त्यांच्या हातात दिला. "ते गप्प होईपर्यंत आवळलं ना, तेव्हा फट संपली होती. म्हणून गरम झालं की बसत होतं. गारवर मोजून सापडलं नसतं. मी गरमवर मोजलं."

नवरा जागच्या जागी चुळबुळला. सासूबाई माझ्या स्टुलावर बसल्या. पट्टी बोटांत धरून वाकवून पाहिली, सोडली. त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. उतरलेलाही नाही, रागावलेलाही नाही, फक्त कुठेतरी आत दूर गेलेला. संपलं, मला वाटलं. आपण जिंकून हरलो.

आणि कप्पीवाले आले. दोघे जण, तिपाई आणि साखळी घेऊन, पोटभर जेवून प्रसन्न. "कुठलं इंजिन काढायचं?" थोरल्याने विचारलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी सासूबाईंकडे. कप्पीवाल्यांनीही मग त्यांच्याकडेच पाहिलं.

"बेकरीवाल्याची पांढरी," सासूबाई म्हणाल्या.

"नाही मावशी, आम्हाला क्रीम रंगाची सांगितलीय," कप्पीवाला म्हणाला.

"त्या पांढरीचं दुसरं टॅपेट वाजत होतं," सासूबाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंच्या गाडीचं पहिलं. दोन्ही व्हॉल्व्ह. हेडमास्तरांच्या जीपचं... सगळीच वाजत होती, मी सगळीच आवळली. आणि शिंप्याची गाडी." त्यांनी आता माझ्याकडे पाहिलं. "शिंपी परत आला होता ना गं? चढाला ओढत नाही म्हणाला."

"हो."

"मी त्याला काय सांगितलं?"

मला आठवत होतं. सगळ्या गल्लीला आठवत असणार, कारण तो शिंपी आणि त्याची जीभ. "तुम्ही म्हणालात, पेट्रोल चांगलं भरत जा, आणि गाडी चालवायला पण शिका."

माझा नवरा तोंडावर हात ठेवून भिंतीकडे वळला. मला मात्र हसू आलं नाही. हिवाळ्यापासून या गॅरेजमधून जेवढ्या गाड्यांचं टॅपेट लागलं, त्या सगळ्या आता कुठेकुठे लंगडत असतील, आणि त्यांचे मालक समजत असतील गाडी जुनी झाली. असंच चालत राहिलं तर एकेकाचा व्हॉल्व्ह खरोखर जळणार.

सासूबाई उठल्या. पदर खोचला.

"आई, मी करते फोन," मी म्हणाले. "मी सांगते काहीतरी. तपासणीला बोलावलंय म्हणून."

"काहीतरी म्हणजे काय?" त्यांनी हात पुढे केला. "फोन इकडे दे. शिंप्याचाच लाव आधी."

"त्याचा शेवटी करा ना. तो गावभर करेल."

"म्हणून तर आधी. बाकीच्यांना तोच सांगेल, माझे तेवढे फोन वाचतील."

मी लावून दिला. चौघे जण आम्ही उभे होतो, कप्पीवाल्यांनी साखळी खाली ठेवली होती. पलीकडून शिंप्याचा आवाज यायला लागला. सासूबाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला, म्हणून आम्हालाही ऐकू येत होतं.

"मी बोलतेय, गॅरेजमधून. तुमची गाडी तापली की लंगडते का हो? ... लंगडतेच ना. नाही, पेट्रोलचा दोष नाही. तुमचाही नाही. ती मी बिघडवली." तो शिंपी गप्प झालेला मी पहिल्यांदाच ऐकला. "उद्या सकाळी घेऊन या. ... हो, इथेच. ... सून आहे ना, तिनेच तर शोधून काढलं. पण तुमची मीच लावणार. बिघडवली मी, लावणार पण मीच." मग शिंप्याने विचारलं, नेहमीसारखी कानानेच लावणार ना? सासूबाईंनी पट्ट्यांचा जुडगा दुसऱ्या हातात घट्ट धरला होता.

"नाही," त्या म्हणाल्या, "आता पट्टीने. कानाने नाही."

फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "बेकरीवाल्याचा लाव."